तीनशे पावले खाली

मनोहर गावंडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका म्हातारीला विचारत होते, की पुराचे पाणी तिच्या घरात कोणत्या भांड्यापर्यंत आले होते.

ठिकाण होते हिवरदरी गावाची नवी वस्ती. मंगरूळपीरहून जीपने पाऊण तास. वस्तीला नवी म्हणत असले तरी ती वसून दोन पिढ्या झाल्या होत्या. तीसेक घरे, सगळी बेलनाल्याच्या पलीकडे. शाळा, दवाखाना, रेशनचे दुकान आणि डांबरी रस्ता नाल्याच्या अलीकडे. नाला भरला की वस्ती तुटायची, कधी दोन तास, कधी चार दिवस. वस्तीतली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि पेरणीच्या तोंडावर परत येत. म्हणजे नाला कोरडा असे तेव्हा ती गावात नसत आणि भरे तेव्हा गावात असत. आदल्या पावसाळ्यात त्या म्हातारीची, कोंडाबाईची, सून बाळंतपणात अडली. तिला बाजेवर घालून नाल्याच्या काठी आणले आणि पाणी उतरेपर्यंत पाच तास तिथेच थांबावे लागले. सून वाचली, मूल वाचले नाही. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी त्या घटनेच्या पाठपुराव्यासाठी गेलो होतो. गावंडे बांधकाम उपविभागाचे शाखा अभियंता होते. ते पुलाच्या अंदाजपत्रकासाठी आले होते.

"पानी कुठवर आलतं, माय?" त्यांनी विचारले.

कोंडाबाईने हात छातीपर्यंत नेला.

"तसं नाई. घरात काय काय भिजलं, ते सांग."

"चूल बुडाली. पाटा बुडाला. पिठाचा डबा फळीवर होता, तो वाचला."

"कोनती फळी? दाखोव."

ते चपला काढून आत गेले. पाटा आणि फळी यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली, बाहेर आले आणि मोटारसायकलच्या डिकीतून तांबड्या ऑइलपेंटची छोटी डबी काढून भिंतीवर बाहेरून एक आडवी रेघ ओढली. मी वही घेऊन उभा होतो. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मानसायले इचारलं त पानी हातभर वाढते. कोनाले नुकसानभरपाई पाह्यजे असते, कोनाले मोठा पूल. बाया भांड्यानं सांगतात. भांड्यानं सांगतलं की माप निंघते."

अशा तांबड्या रेघा मला नंतर बऱ्याच ठिकाणी दिसल्या. देवळाच्या पायरीवर, कडुनिंबाच्या खोडावर, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या दारावर. पुराची पातळी ठरवायला खात्याचे तक्ते असतात. गावंडे ते तक्ते पाहत, त्यातला आकडा लिहीत आणि त्याखाली दुसरा आकडा लिहीत. दुसरा बहुधा मोठा असे. वरून शेरा येई, 'जादा उंचीचे समर्थन द्यावे'. ते उत्तर लिहीत, 'स्थानिक चौकशीवरून'. या दोन शब्दांमागे कोण्या तरी म्हातारीचा पाटा किंवा डबा असे. त्यांनी बांधलेल्या मोऱ्या आणि छोटे पूल इतरांच्यापेक्षा वीतभर उंच असत, आणि माझ्या माहितीत त्यांपैकी एकही वाहून गेला नाही.

अंगाने किडकिडीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणे उन्हाळ्यातही लावलेली. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या नखांत तांबडा रंग कायम अडकलेला असे. नव्या गावात लोक त्यांना विचारत, "सायेब, पूजेतून उठून आले का?" कंत्राटदाराचा चहा ते घेत, जेवण घेत नसत. "चहा पचते, जेवन पचत नाई," एवढेच कारण सांगत. दुपारी मजुरांच्या ओळीत बसून आपला डबा उघडत. बोलणे वऱ्हाडी, लिहिणे सरकारी. दोन्हींत ते तितकेच कमी शब्द वापरत.

आमच्या भागात माणूस कोणाकडचा आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्याशी बोलणे पुढे सरकत नाही. गावंडेंना हे थेट विचारले जाई. पानटपरीवर एकदा माझ्यासमोरच एकाने विचारले, "सायेब, तुमी नेमके कोनाकडचे?"

"उताराकडचा," ते म्हणाले. "पानी जिकडं जाते, तिकडं माही ड्युटी."

ऐकणारे हसले. विचारणारा मात्र गंभीरपणे म्हणाला, "म्हंजे सत्तेकडचे." गावंडेंनी पानाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली.

त्यांच्या कार्यालयात लोखंडी कपाटात एक कुदळ होती. नवी कोरी, दांडा पॉलिश केलेला, पात्यावर तेलाचा हात. भूमिपूजनाला ती बाहेर निघे, तिला फीत बांधली जाई, नेते तिने जमिनीवर एक हलका टोला मारत आणि ती पुन्हा कपाटात जाई. शिपाई रहीमचाचा तिचा सांभाळ करत. जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाच्या हाताला ती लागली होती. गावंडे म्हणत, "या कुदळीनं आजलोक टोपलंभर माती उकरली नाई. पन हिच्याशिवाय एक बी काम सुरू होत नाई." भूमिपूजनाच्या छायाचित्रांत ते सर्वांत मागे उभे असत. छायाचित्र झाले की कुदळ पुसून रहीमचाचांकडे देण्याचे काम त्यांचे.

एक प्रसंग मी त्यांच्या कार्यालयातच पाहिला. एका समाजमंदिराचे काम जुन्या सरकारच्या काळात सुरू झाले होते आणि नव्या सरकारच्या काळात त्याचे पुन्हा भूमिपूजन व्हायचे होते. नव्या नावांची कोनशिला परवापर्यंत हवी होती आणि नावे कोरणारा कारागीर लग्नासाठी बाहेरगावी होता. जो दुसरा मिळाला त्याच्याकडे नावे कोरायची हत्यारे होती, दगड नव्हता. कार्यालयात धावपळ सुरू झाली. गावंडे कागदांतून मान वर न काढता म्हणाले, "जुनाच दगड उलटा करा. त्याले दोन बाजू हायेतच. पुढचं सरकार आलं त कडेनं बी लिवता येईन."

सगळे हसले, आणि तसेच केले गेले. काम स्वस्तात आणि वेळेत झाले. मी त्यांचे नाव न घालता या प्रसंगाची चौकट छापली, वाचकांना ती आवडली. पुढे त्या कार्यालयात तशी पद्धतच पडली. सरकार बदलले की दगड उलटायचा. ही पद्धत कोणाच्या विनोदातून निघाली हे लवकरच कोणाच्या लक्षात राहिले नाही. एकट्या बापूरावांच्या ते लक्षात होते. त्यांच्याविषयी पुढे येईल.

बेलनाल्याचा पूल मंजूर झाला. जागा ठरली ती वस्तीसमोरच्या उताराची, जिथून लोक नाला ओलांडत होते तीच. कुदळ बाहेर निघाली, कोनशिला बसली. तिच्यावर नेत्यांच्या नावांखाली 'प्रमुख उपस्थिती' या शब्दांपुढे बापूरावांचे नाव होते. बापूराव हिवरदरीतले मोठे शेतकरी आणि तेव्हाच्या सत्तेकडच्या गटाचे गावातले प्रमुख. पुलासाठी मुंबईपर्यंत जाऊन आले होते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतरच्या घटनांत ते वेगळे दिसतात.

काम सुरू होण्याआधी सरकार बदलले. आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली. स्थगितीच्या पत्रात काम रद्द केले असे कुठेही लिहिलेले नसते. 'पुढील आदेशापर्यंत' एवढेच असते. त्या पावसाळ्यात वस्ती पुन्हा सहा वेळा तुटली. गावंडे दर वेळी काठावर जाऊन पातळी नोंदवून येत. एकदा कोंडाबाईने पलीकडच्या काठावरून ओरडून विचारले, "सायेब, पूल कुठी गेला?"

"मुंबईले गेला, माय," ते अलीकडून ओरडले. "येईन वापस."

तो परत आणायचा रस्ता त्यांनी त्याच हिवाळ्यात शोधला. नव्या यादीत कामे त्याच गावांची घेतली जात होती जी नव्या सत्तेच्या गटाकडे होती. हिवरदरी त्यांत नव्हती. शेजारचे धानोली होते. गावंडे एका सकाळी नाल्याच्या काठाने खाली चालत गेले. वस्तीच्या उतारापासून तीनशे पावलांवर अलीकडचा काठ धानोलीच्या शिवारात जातो. तिथे नाला अरुंद आहे, काठ उंच आहेत, पायाला खडक लागतो. पूल तिथे बांधला तर तो कागदावर धानोलीचा झाला असता आणि पायांखाली नव्या वस्तीचा. अभियंता म्हणूनही ती जागा सरस होती. पलीकडच्या काठावरून वस्तीकडे जाणारी गाडीवाट त्यांना दिसली. रुंद, मळलेली, चाकोऱ्या पडलेली. त्यांनी अंदाजपत्रकात लिहिले, 'पलीकडे विद्यमान पांदण रस्ता उपलब्ध'. खाली नेहमीचे दोन शब्द, 'स्थानिक चौकशीवरून'.

त्या दिवशी वस्तीत चौकशी करायला कोणी नव्हते. सगळी घरे कुलूपबंद होती. माणसे ऊसतोडीवर होती आणि कोंडाबाई नातवंडे सांभाळायला त्यांच्यासोबत गेली होती.

ती पांदण नव्हती. सरकारी नकाशात तिथे कोणताही रस्ता नाही. ती वाट बापूरावांच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाते. त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्यांनी ती वस्तीला वापरू दिली होती. कागद केलेला नव्हता. वस्तीतल्या कोणत्याही बाईने हे एका वाक्यात सांगितले असते.

धानोलीचा पूल मंजूर झाला. गावंडेंच्या नोकरीतला हा बहुधा सर्वांत आनंदाचा काळ. कार्यालयात ते गुणगुणताना दिसत, असे रहीमचाचांनी मला सांगितले. "सायब को पैली बार सीटी बजाते देखा," ते म्हणाले. दुसरे भूमिपूजन झाले. कुदळ निघाली. हिवरदरीच्या बाजूला बसवलेली जुनी कोनशिला उचलून आणली गेली, उलटी केली गेली, मागच्या बाजूवर धानोलीच्या लोकांची नावे कोरली गेली आणि ती विटांच्या नव्या चबुतऱ्यात बसवली गेली. हे करताना गावंडेंना कोणी विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरले नव्हते, ती पद्धत होती.

बापूरावांना निमंत्रण नव्हते. तरी ते आले, मागे उभे राहिले, दगड पाहिला आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. त्यानंतर तारेचे कुंपण आले.

पूल मात्र वाढत राहिला. उन्हाळ्यापर्यंत स्लॅब पडला. अलीकडच्या बाजूचा भराव पूर्ण झाला. पलीकडे भराव टाकायला जागा हवी होती ती बापूरावांच्या धुऱ्यावरची. पुलाचे पलीकडचे टोक माणसाच्या दीडपट उंचीवर हवेत थांबले.

याच सुमारास बापूरावांनी मला बोलावून कागद दिले. पहिली मंजुरी, दुसरी मंजुरी, दोन्ही ठिकाणांचे नकाशे. एका गावाचा पूल दुसऱ्या गावाच्या नावावर बांधला गेला होता आणि तो अर्धवट होता. ही बातमी होती. मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचे म्हणणे लिहून घेत होतो. "एक बोट बी जागा देनार नाई," ते म्हणाले. मी ते अवतरणात घेतले. तेवढ्यात गावंडे आले.

"या सायेब," बापूराव म्हणाले. "तुमचीच गोठ चालली."

गावंडे खाटेच्या कडेवर बसले. "बापूराव, कपाशीचे चार तासं पाह्यजे मले. धुऱ्याकडचे. चार ओळी. बाकी तुमच्या वावराले हात लागत नाई."

"माया बापानं वाट देल्ली त्या वस्तीले. त्यायनं कागद मांगला नाई, आमी केला नाई. त्या पोरीले बाजीवर घातलं, त माही बैलगाडी काठावर उभी होती पाच घंटे. हे माईत हाये तुमाले?"

"माईत हाये."

"आन मायं नाव तुमी इटायच्या आत गाडलं."

"ते मी नाई केलं."

"मंग दगड उलटा कराची अक्कल कोनाची होती? माया कानावर आलं हाये."

गावंडेंनी मनगटाचे बटण काढले, पुन्हा लावले. "माही होती," ते म्हणाले. "गमतीत बोल्लो. चुकलं."

बापूरावांनी हे अपेक्षिले नव्हते. त्यांनी आत पाहून चहा सांगितला. कप हातात देताना ते म्हणाले, "तुमी सायेब लोकायपैकी पयले, सोता चुकलं म्हननारे." मग बाहेर वावराकडे पाहत म्हणाले, "पेरनीच्या आंधी पाहू."

बाहेर आल्यावर गावंडेंनी मला विचारले, "छापता का?"

"छापणार."

"खरंच हाये ते. नाई म्हनत नाई मी. दोन मयने थांबता येईन का? पेरनीलोक?"

मी सांगितले, हेच कागद दुसऱ्या दैनिकाकडेही गेले आहेत. ते खरे होते. त्यांनी मान हलवली. "अंतर किती लिवता?"

"तीनशे पावलं. लोक तसंच सांगतात."

"पावलं नका लिवू. पावलं ज्याची त्याची असतात." डिकीतून त्यांनी टेप काढला आणि माझ्या हातात दिला. "मोजा. मी दुसरं टोक धरतो." त्या दुपारी कोरड्या नाल्याच्या काठाने आम्ही दोघांनी अंतर मोजले. बातमीत जे मीटर छापले गेले ते त्यांच्या टेपचे.

बातमी पहिल्या पानावर आली. चौकटीत बापूरावांचे वाक्य ठळक होते, 'एक बोटही जागा देणार नाही'. 'पेरणीआधी पाहू' हे माझ्या वहीत होते. बातमीत नव्हते. ते निवेदन नव्हते, चहा पिताना बोललेले वाक्य होते, आणि त्यातून काही ठरत नव्हते. त्या वेळी मी असा विचार केला.

पुढचे सर्व क्रमाने घडले. विरोधकांनी कात्रण दाखवून चौकशी मागितली. सत्ताधाऱ्यांनी तेच कात्रण दाखवून आधीच्या लोकांवर अडवणुकीचा आरोप केला. चौकशी पूर्ण होईपर्यंत उरलेले काम थांबवण्याचा आदेश निघाला. चौकशीच्या फायलीत माझी बातमी जोडपत्र म्हणून लागली. गावंडेंना नोटीस मिळाली. 'विद्यमान पांदण' आणि 'स्थानिक चौकशीवरून' या दोन नोंदी चुकीच्या असल्याचे त्यांनी लेखी मान्य केले. त्यांना दुसऱ्या उपविभागात, टेबलाच्या कामावर पाठवले गेले. तिथे बांधकाम नव्हते.

जाण्याआधी ते पुन्हा बापूरावांकडे गेले होते. ही भेट मला बापूरावांनीच नंतर सांगितली. पेरणी आठ दिवसांवर होती. "मी त्यायले म्हनलं, सायेब, मी देत बी होतो. पन आता छापून आलं ना. गावातला हरेक मानूस मले वाचून दाखोवते, बापूराव एक बोट बी देत नाई म्हन. आता दिली त कोन्या तोंडानं फिरू?" बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला दोष देत आहेत असेही वाटले नाही. एक अडचण सांगत होते.

त्या पावसाळ्यात वस्ती पुन्हा तुटली. नाल्यावर आता पूल होता.

गावंडे मला त्यानंतर वर्षभराने मंगरूळपीरच्या बसस्टँडवर भेटले. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी रसवंती आहे, तिथे आम्ही बसलो. नखांतला रंग गेला होता. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, बदलीविषयी काही बोलले नाहीत. शेवटी मीच विषय काढला.

"बातमीत चूक काईच नोती," ते म्हणाले. "अंतर बी बराबर होतं. मी कापून ठेवली हाये."

मी रसवाल्याला पैसे दिले.

"फक्त तुमी आले तवा नाला कोरडा होता." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी बी तवाच गेल्तो. भरला असता त वस्ती घरी असती, आन मी इचारलं असतं."

बस लागली आणि ते उठले. एवढेच बोलणे झाले. त्यांनी माझी बाजू घेतली की मला त्यांच्या चुकीत सामील करून घेतले, हे मला आजही नेमके सांगता येत नाही.

मधल्या काळात एक निवडणूक झाली. ऊसतोडीवरून मतदारांना आणायला दोन्ही बाजूंनी गाड्या पाठवल्या. एका उमेदवाराने वस्तीत सांगितले की पूल चुकीच्या जागी आहे, दुसऱ्याने सांगितले की तो जाणूनबुजून अर्धवट ठेवला. दोघांनीही भराव टाकून देण्याचे आश्वासन दिले. वस्तीने मते दिली आणि त्याच गाड्यांनी परत गेली. चौकशीचा अहवाल आला की नाही याची मी दोनदा विचारणा केली. 'विचाराधीन' असे उत्तर मिळाले. कोंडाबाई एका हिवाळ्यात ऊसतोडीवरच वारली. तिच्या घराची तांबड्या रेघेची भिंत पुढे पडली आणि तिच्या जागी नवी बांधली गेली.

गावंडे निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनीच नको म्हटले असे कळले.

त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या पावसाळ्यात. कामरगावहून परतताना धानोलीला थांबलो. तो बाजाराचा दिवस होता. पूल पाहायला म्हणून अलीकडच्या भरावावरून पुलावर चढलो आणि पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो. नाला दुथडी भरून वाहत होता. टोकाशी खालून माणसांचे आवाज येत होते.

पुलाच्या टोकाला बांबूची शिडी लावलेली होती. बापूरावांच्या कुंपणाच्या खाली, नाल्याच्या कडेने हातभर रुंदीची सरकारी पट्टी आहे, तिच्यावरून वस्तीतल्या बाया एका रांगेत चिखलातून येत होत्या आणि शिडीने पुलावर चढत होत्या. डोक्यावर गाठोडी, कोणाच्या कडेवर मूल. शिडीचा पाय चिखलात सरकत होता. तो धरून खाली एक म्हातारा माणूस उभा होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत चिखलाने भरलेल्या.

"वर पाय, खाली पाहू नको," ते प्रत्येकीला सांगत होते. "एक पायरी ढिली हाये, चवथी. तिच्यावर जोर देऊ नको."

एक बाई वर आल्यावर माझ्याजवळ थांबून धापा टाकत होती. मी विचारले, हे केव्हापासून येतात.

"गावंडे बाबा? पावसाळ्याच्या हरेक बाजाराले येतात. पयल्या जीपनं येतात, शिडीनं खाली उतरतात. आमची मानसं हाकलतात त्यायले, घरी जा म्हनून. आयकत नाईत." तिने पदराने तोंड पुसले. "आमाले सवय झाली आता शिडीची. त्यायले नाई झाली."

शेवटची बाई चढून गेली. रांग संपली. बाया बोलत, हसत पुलावरून बाजाराकडे निघून गेल्या. गावंडेंनी वर पाहिले आणि मला ओळखले.

"तुमी?"

"जात होतो. पाहिलं म्हणून थांबलो." खाली आता ते एकटेच होते. त्यांना वर यायचे तर शिडीचा पाय धरायला कोणी उरले नव्हते. "मी उतरून धरू का? तुम्ही या वर."

"नका," ते म्हणाले. "तुमची गाडी उभी असन. त्या बाजारातून येतीन दोन घंट्यात. उतरतानी त जास्ती धरा लागते."

रस्त्यावरून जीपवाल्याने हॉर्न दिला. मी तिथेच उभा राहिलो. पुन्हा हॉर्न वाजला. मी वळून पाहिले, हात केला आणि परत टोकाशी गेलो, तेव्हा ते चिखलात गुडघ्यावर बसले होते आणि चौथ्या पायरीचा दोर सोडून नव्याने बांधत होते.